फाटक सापडेल तसं ठेवावं

प्रिय मावशी,

पाया पडते. कागदावरून पडते म्हणून अर्धाच नमस्कार धरू नकोस. लिहायला बसण्याआधी खुर्चीतून उठून खरोखर वाकले होते, आणि खोलीतल्या मैत्रिणीने काय हरवलं म्हणून कंदील घेऊन माझ्याबरोबर शोधलंही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल गुडघ्याला लावायचं असतं, फळीवर ठेवून त्याच्याकडे बघितल्याने गुण येत नाही. तांबडीचं वासरू पितं ना नीट? मी इथे खुशाल आहे, वेळेवर जेवते, आणि गार पाणी पीत नाही.

हे पत्र तुला नेहमीप्रमाणे शिंपीमामा वाचून दाखवतील. (शिंपीमामा, नमस्कार. कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे, तो मनातल्या मनात वाचावा. वाचता वाचता गप्प झालात की मावशी 'काय हो, गेलं कोण?' असं विचारेल, म्हणून दर कंसाला थोडं खोकावं.)

तुझा निरोप पोचला. माझ्या लग्नाची बोलणी करायला त्या घरी तू येणार नाहीस, थोरल्या मामाला पाठवणार आहेस. 'शिकलेल्या माणसांत मी काय बोलू, माझी सगळी भाषा गोठ्यातली,' असं तू म्हणालीस म्हणे. ठीक आहे. मला वाढवलंस तू, शाळेत घातलंस तू, आपल्या घरात पहिली पाटी आणलीस ती तू, आणि बोलणी करणार तो मामा, जो जेवण्याखेरीज तोंड उघडत नाही. तरीही मी अजिबात आग्रह करत नाही. तो विषय संपला. (संपलेला नाही.) मी आपली सहज परवाच्या सुट्टीतली हकिकत कळवते.

माझ्या कचेरीत नकाशे काढणारा जो आहे, ज्याचं नाव तू विचारत नाहीस आणि मी सांगत नाही, त्याच्या आईने मला फिरायला बोलावलं. त्यांना सगळे बाई म्हणतात, कारण त्या मुख्याध्यापिका होत्या. (शाळेतून निवृत्त झाल्या, घरातून अजून नाही.) हे फिरणं म्हणजे गोल फिरणं असतं. गावाबाहेरच्या पुलापासून निघायचं, शेतांतून जायचं, रानातून जायचं, जुन्या सरदारांच्या हवेल्या आणि बागा बघायच्या, आणि संध्याकाळी परत त्याच पुलावर यायचं. तू आता म्हणशील, जिथून निघालो तिथेच यायचं तर निघायचं कशाला, घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. मीही मनात तेच म्हटलं. पण इथली शिकलेली माणसं कामाशिवाय चालतात, आणि परत आल्यावर फार समाधानी दिसतात. बरोबर बाईंच्या मैत्रिणी होत्या, सगळ्या मास्तरणी. त्यांच्यापैकी कुणी मला ही परीक्षा आहे असं सांगितलं नव्हतं, पण मी आदल्या रात्री बूट दोनदा पुसले होते.

पुलावर उभं राहून बाईंनी नियम सांगितले. पिकात पाय घालू नये, कागद टाकू नये, आणि वाटेत लागणारं प्रत्येक फाटक जसं सापडेल तसंच ठेवावं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मी सगळ्यांत मागे होते म्हणून फाटकांची जबाबदारी माझ्यावर आली. मावशी, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी प्रत्येक फाटकाची कडी लावायचे, हलवून बघायचे, थोडं पुढे जायचे आणि परत येऊन पुन्हा हलवायचे. नकाशेवाला म्हणाला, "कडी लागली आहे, तिला आता झोपू दे." तो पुढे गेला. हा माणूस अख्ख्या जिल्ह्याचे नकाशे काढतो, पण हातातली टोपी कुठे ठेवली ते त्याला सापडत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर मी कडीच्या बाबतीत तरी विसंबत नाही.

रानाच्या अलीकडे एक फाटक सताड उघडं होतं. पलीकडे कुरणात गाई. नियमाप्रमाणे मी ते उघडंच ठेवलं आणि कुरण ओलांडून रानात शिरले. पण आपल्याकडे उघडं फाटक म्हणजे काय ते तूच मला शिकवलंस. कुणीतरी विसरलं असेल, गाई रस्त्यावर जातील, कुणाच्या तरी पोटावर पाय येईल, असं वाटून मी मागे फिरले आणि ते लावून घेतलं. पुन्हा रानात शिरले. आता नियम मोडल्याचं ओझं. मुख्याध्यापिकेने सांगितलेला नियम मी पहिल्याच दिवशी मोडला, आणि तोही कुणी बघत नसताना, म्हणजे जास्तच वाईट. पुन्हा मागे फिरले. तोवर सगळ्या गाई फाटकाशी येऊन उभ्या, कारण पाण्याचा हौद फाटकाच्या अलीकडे होता आणि मी त्यांची वाट अडवली होती. मी फाटक उघडलं. त्या पाणी प्यायल्या, आणि मग माझ्याकडे बघू लागल्या, जणू आता पुढचा कार्यक्रम काय ते मीच सांगणार.

इथे माझी खरी चूक झाली. मला त्यांना सांगायचं होतं की बायांनो, इथेच थांबा. पण आपल्या घरी गाईला 'ये' म्हणायचा आवाज आहे, 'थांब' म्हणायचा नाहीच. आपली गाय कधी न यावी असं आपल्याला वाटलंच नव्हतं. घाबरून तोंडातून जे आलं ते तुझंच होतं, जीभ टाळूला लावून, लांबवून. त्या चालू लागल्या. मी भरभर चालले, त्याही भरभर चालल्या. मी झाडामागे लपले, त्या झाडाभोवती जमल्या. मी त्यांना समजावून सांगितलं, शुद्ध भाषेत. एक तर इतकं लक्ष देऊन ऐकत होती की मला तिला सोडून जायचा संकोच वाटू लागला.

रान संपलं तिथे हवेली. पुढे हिरवळ, गुलाबांचे वाफे, मधोमध कारंजं, आणि पायरीवर उभ्या राहून बाई सांगत होत्या की या दारातून पूर्वी फक्त मानाचे पाहुणे येत. त्याच वेळी मी आले, आणि माझ्यामागून एकेक करून सगळा गोठा. मास्तरणी उठून उभ्या राहिल्या. माळी कुदळ टाकून धावला आणि ओरडला, "ओ ताई, या कुणाच्या?" मी म्हटलं, "माझ्या मागे आल्यात, पण माझ्या नाहीत." यावर नकाशेवाला हसला, आणि मी ठरवलं की हा माणूस बरा असला तरी आज नको. एका गाईने गुलाब खायला घेतला. बाईंनी टाळी वाजवली आणि शाळेत म्हणत असतील तसं म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी रांगेत." त्यांच्यातल्या दोन मास्तरणी रांगेत उभ्या राहिल्या. गाई नाही.

"यांना परत कोण नेणार?" बाईंनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशी, मी इथे हळू बोलते. कचेरीत सगळे हळू बोलतात. म्हणून आधी तुझी हाक मी कचेरीच्या आवाजात घातली, तर एकीनेही मान वर केली नाही. मग डोळे मिटले आणि घातली, तुझ्यासारखी, ओढ्यापलीकडे जाते तशी. हवेलीच्या खिडक्यांतून कबुतरं उडाली. (सगळं संपलं, असं मला तेव्हा वाटलं. लग्न, नोकरी, सगळं.) डोळे उघडले तर गाई माझ्याकडे येत होत्या. एक म्हातारी तेवढी हिरवळीवर बसली ती उठेना. ती माझ्याच काय, तुझ्याही हाकेला उठली नसती. शेवटी बाईंनी आपल्या पिशवीतला पाव तिच्या नाकासमोर धरला, तेव्हा ती उठली आणि बाईंच्या मागून निघाली. बाई रानभर मागे वळून बघत होत्या आणि म्हणत होत्या, "हिला माझंच पटलं हो."

चालता चालता त्यांनी विचारलं, "ही हाक कुणी शिकवली?"

"मावशीने."

"त्याच येणार ना बोलायला?"

मी म्हटलं, नाही, मामा येतील. त्या थांबल्या, म्हातारीने तेवढ्यात त्यांच्या हातातला उरलेला पाव संपवला. मग त्या म्हणाल्या, "सुटले बाई. तुझ्या मावशीशी काय बोलावं या विचाराने मला आठवडाभर झोप नाही. मला फक्त वर्गाशी बोलता येतं. समोर एकच माणूस बसलं की माझं तोंड कोरडं पडतं." आणि जराशाने, "पण मामा नको गं. मामांशीही मला काही बोलता यायचं नाही, आणि त्यांनी बोलावं अशी तुझी इच्छाही दिसत नाही."

गाई कुरणात घातल्या. फाटक उघडंच ठेवलं. संध्याकाळी पुलावर पोचलो तेव्हा माझे बूट मास्तरणींच्या बुटांपेक्षा वाईट नव्हते, कारण सगळ्यांचेच वाईट होते. एवढीच हकिकत. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
धाकली

ता. क. मामाच येऊ दे. मी आग्रह करत नाही.

ता. क. दुसरा. मावशी, तू ये. मला त्या घरी तुझ्याशिवाय बसवणार नाही. तुला काही बोलावं लागणार नाही, बाईंनाही येत नाही. तुम्ही दोघी गप्प बसा, मी मध्ये बसते.

(ता. क. तिसरा, शिंपीमामा, हा मोठ्याने वाचू नका. कागदाची घडी घाला, सुईत दोरा ओवायला घ्या आणि वाट बघा. मावशी आधी 'नाही' म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. मग ती म्हणेल, 'मी गेले तर गाईंकडे कोण बघणार?' जायचं नसतं तेव्हा ती असलं काही विचारत नाही. तुम्ही गाईंना किती भिता ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक आहे. तरी तेवढं मान वर न करता म्हणा, 'मी बघतो.')