दातांच्या तक्त्याची दुरुस्ती

तीर्थस्वरूप मामा,

कंबर परवानगी देते आहे तोवर वाकून नमस्कार. तुमच्या आशीर्वादाने (आणि घरच्यांच्या नाइलाजाने) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. परवा मामींचा फोन झाला. तुमचे गुडघे बरे आहेत, ऐकू कमी येतं ते फक्त मामी बोलत असताना, आणि हल्ली तुम्ही चहा पार गार करून तोंडाच्या एकाच बाजूने पिता, असं त्या म्हणाल्या. वाफाळता चहा दोन घोटांत संपवणारा माणूस गार चहा पितो, हे मला काही नीट वाटलं नाही. पण ते राहू द्या, आधी माझं ऐका.

मी विद्यार्थिनी झाले आहे. दातांच्या डॉक्टरांना मदतनीस लागतात, त्यांचा सहा महिन्यांचा वर्ग असतो, त्यात मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं. सकाळी वर शिकायचं, दुपारी खाली दवाखान्यात उभं राहायचं. बाकीच्या मुली विशीच्या आतबाहेरच्या. त्या मला मावशी म्हणतात आणि माझ्या वहीतून उतरवून घेतात. तुमच्या जावईबापूंनी विचारलं, या वयात लोकांच्या तोंडात काय बघायचंय. मी सांगितलं, तेवीस वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून काढली, आता जरा दुसऱ्यांचीही बघते. त्यावर ते दोन दिवस वर्तमानपत्र वाचत होते.

मामा, तोंड ही काय चीज आहे याची मला आजवर कल्पनाच नव्हती. आपण त्यात जेवण ढकलतो आणि त्यातून भांडतो, एवढंच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी (आमच्या शिक्षिका, स्वतः तीस वर्षं मदतनीस होत्या) एका सहा वर्षांच्या मुलीचा एक्स-रे दिव्यावर लावला. दुधाचे दात होते ते होतेच, पण त्यांच्या मुळांशी, हाडाच्या आत, पुढचे दात तयार होऊन आपापली पाळी येण्याची वाट बघत बसलेले. कुणी सांगितलं असेल त्यांना? मी दोन मुलं वाढवली, त्यांचे पडलेले दात डबीत जपून ठेवले, रोज त्यांच्या तोंडावर ओरडले, आणि त्याच तोंडात एवढी तयारी चालली होती याचा मला पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी विचारलं, दाढ दुखते का.

दातावरचं कवच हाडापेक्षाही टणक असतं आणि एकदा गेलं की पुन्हा येत नाही, हे ऐकल्यापासून मी सुपारी फोडलेली नाही. हत्यारं धुऊन, पुडीत बंद करून, वाफेच्या यंत्रात घालतात, आणि पुडीवरच्या पट्टीचा रंग बदलला नाही तर आतलं हत्यार कितीही चकचकीत दिसो, ते परत धुवायला. (माझ्या सासूबाईंच्या हाती ही पट्टी लागली नाही, हे माझं नशीब.) आणि सगळ्यात थोर म्हणजे हत्यार देणं. डॉक्टरांची नजर रोग्याच्या तोंडातून हलत नाही. त्या नुसता हात पुढे करतात, आणि हवं ते हत्यार, हव्या त्या बाजूने, त्यांच्या बोटांत बसलं पाहिजे. मागावं लागलं तर आपण चुकलो. मामा, मला ते पहिल्याच दिवशी जमलं. मुली बघत राहिल्या. मी बाईंना सांगितलं, माझे मामा घड्याळजी आहेत. सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसायचे, ते डोळ्याला भिंग लावून न बघता हात पसरायचे, आणि चिमटा हवाय की पेचकस हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. बाई म्हणाल्या, मग तुमचं अर्धं शिक्षण झालंय.

उरलेल्या अर्ध्याने घात केला. रोग्याच्या दातांची नोंद करायचा एक छापील तक्ता असतो. डॉक्टर तपासताना सांगतात, आपण खूण करायची. कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा माझ्या ताब्यात दिला होता. बघते तर काय, कागदाच्या डाव्या हाताला छापलंय ‘उजवी बाजू’, आणि उजव्या हाताला ‘डावी’! छापखान्याने केवढा घोळ घातला आणि आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, या विचाराने मला बाईंची कीव आली. मी गठ्ठा घरी नेला आणि तीसच्या तीस तक्ते दुरुस्त केले. पट्टी लावून खोडलं, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं. (अक्षर तुम्हीच गिरवून घेतलेलं आहे, त्यामुळे थोडा दोष तुमच्याकडे येतो.) दुसऱ्या दिवशी कौतुकाची वाट बघितली, कुणी केलं नाही, तेव्हा मनाचा मोठेपणा दाखवून गप्प राहिले.

दोन दिवसांनी एक बसचालक दाढ काढायला आले. नोंद माझीच होती. डॉक्टरांनी तक्त्यावरची खूण बघितली, भूल द्यायची सुई हातात घेतली, आणि त्या दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, दुखणाऱ्या दाढेवर स्वतःचं बोट ठेवा. चालकांनी बोट ठेवलं ते भलत्याच बाजूला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, तक्ता उचलला, आणि माझं सुवाच्य अक्षर वाचलं. मामा, त्या माणसाची धडधाकट दाढ माझ्यामुळे जाणार होती, आणि ती पुन्हा आली नसती.

तक्ता आपल्यासाठी नसतोच. समोर बसलेल्या माणसाचं तोंड जसं दिसतं तसा तो छापलेला असतो, आणि उजवं-डावं त्या माणसाचं. लहान पोराला कळेल अशी गोष्ट. वाटलं, आता घरी पाठवणार, आणि जावईबापू वर्तमानपत्र खाली ठेवून हसणार. बाईंनी मला रोग्याच्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर उभ्या राहिल्या आणि एकच वाक्य बोलल्या, “दुसऱ्याच्या तोंडात बघताना आपलं उजवं-डावं दाराबाहेर ठेवून यायचं.” मग आठवडाभर माझ्या हाती फक्त लाळ ओढायची नळी. शुक्रवारी तोंडी परीक्षा, नापास झाले तर वर्ग बंद.

हत्यारं, पट्टी, तक्ता, सगळं बिनचूक सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, रोगी दाढ दाखवायला आला तर मदतनिसाने काय बघायचं. मी सांगितलं, फक्त दाढ नाही, सगळं तोंड. गाल आतून, जीभ, जिभेखाली. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर निदान करणं आपलं काम नाही, पण गप्प बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. एवढं म्हटलं आणि मी उत्तर अर्धं टाकून खुर्चीतून उठून उभी राहिले. बाईंना वाटलं परीक्षेची भीती. पास केलं.

मामींना नमस्कार सांगा, आणि त्या काही म्हणाल्या तर ऐकू येऊ द्या.

तुमची,
अर्धं शिक्षण तुमच्याकडे झालेली भाची

ता. क. तुमचं जुनं भिंग पडून असेल तर पाठवून द्या. बारीक खुणा बघायला उपयोगी पडेल.

ता. क. दुसरं. भिंग पाठवू नका, स्वतः घेऊन या. मंगळवारी सकाळी साडेदहाची आमच्या डॉक्टरांची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. मागच्या महिन्यात आम्ही आलो होतो तेव्हा तुम्ही मान मागे टाकून हसलात, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आणि मधे लाल जखम मला दिसली. तेव्हा कळलं नव्हतं. मामींना विचारलं तर म्हणाल्या, दोन महिने झाले. (तंबाखूची पुडी कपाटामागे असते हे त्यांना कधीचं माहीत आहे.) मी निदान करत नाही. काहीच नसेलही. पण घड्याळ न उघडता ‘काही नसेल’ म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाला कधी परत पाठवलं होतंत का? मला भीती वाटते आहे मामा. एवढंच लिहिता यावं म्हणून हे सगळं पत्र लिहिलं.

ता. क. तिसरं. डॉक्टरांना देण्यासाठी नोंद आत्ताच करून ठेवली आहे. खालचा जबडा, गालाची आतली बाजू, उजवीकडे. तुमच्या उजवीकडे. मी खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा तपासलं.