सोळा हात

सोम. ९ फेब्रु.
रस्त्यापलीकडं मशीन उभं केलंय. ग्यासचा पाइप घालणार. रस्ता फोडायचा नाय म्हणे. जमिनीत तिरके रॉड ढकलायचे, आमच्या परसाखालनं नेऊन शाळेपाशी वर काढायचे. एक माणूस हातात पेटी घेऊन वरनं चालतो, खाली टोक कुठं पोचलं ते ओरडून सांगतो. मुनीर. पन्नाशीचा, सोलापूरकडचा. म्हटलं, "जमिनीतलं दिसतंय तर माझी कानातली कुडी शोध, बारा वर्षं झाली परसात पडून." हसला. चहा दिला. दोन कप बऱ्याच दिवसांनी विसळले.

मंगळ. १०
मुनीर विहिरीपाशी थबकला. "आजी, पाणी हाय हिच्यात?"
"मग कालचा चहा काय गटाराचा प्यालास?"
त्याच्या कागदावर विहीर बुजवलेली. खाली सही प्रकाशची. माझ्याच पोराची. फोन केला. "आई, नळ आहे ना तुला? कशाला ओढत बसतेस?" नळ आठवड्यातनं दोनदा गुळण्या टाकतो. त्याला वाटतं, पाणी गेलं की म्हातारी येईल त्याच्याकडं खांदा कॉलनीत, चौथ्या मजल्यावर. तिथं दार उघडलं की समोर दुसरं दार, तेपण बंद.
मुनीरनं खोली विचारली. सोळा हात, ठसक्यात सांगितलं. "म्हणजे सात मीटर. मग दहा मीटर खोलनं नेतो, आजी. तळाला धक्का नाय."

गुरु. १२
दुपारी कळशी ओढली. पाणी राखाडी. हाताला साबणासारखं बुळबुळीत. रॉडबरोबर मातीचं पाणी सोडतात, भोक ढासळू नये म्हणून. तेच फुटून आत आलं. मशीन बंद.
मशीनवाल्यांचा साहेब बोलला, "विषारी नाही, नुसती माती आहे."
"मग पी."
प्याला नाय.
मुनीरला झापायला लागला. मुनीरनं कागदावरचा आकडा दाखवला, सोळा हात. तेव्हा आठवलं. सोळा हात सासूचा आकडा. प्रकाश चौथीत असताना पाणी आटलं, तेव्हा ह्यांनी आणखी सहा हात खणली. घमेली मीच ओढली होती वर. आणि सांगताना माझ्या तोंडून सासूच बोलली. ह्यांचे सहा हात गेले कुठं?
साहेबाला सांगितलं, चूक माझी.

शनि. १४
काल दिवसभर पंपानं विहीर उपसली. आजपण.
प्रकाश गाडी घेऊन आला, रिकामी ब्याग आणली. "चल आता, आई. विहीर संपली."
"सही तुझी, आकडा माझा. दोघांनी मिळून घातली मातीत."
जेवला. गेला. ब्याग ठेवून गेला.

सोम. १६
मशीन तळोज्याला हललं. पाइप आता रस्त्याच्या कडेनं नेणार. मुनीर सांगून गेला, "गाळ बसंल, आजी. रोज एक कळशी काढून बघा. कळशीचा तळ दिसला की पाणी निवळलं समजायचं."
एक कप पालथा घातला.
आजची कळशी ओट्यावर झाकून ठेवलीय. ब्याग दाराशीच हाय. अजून कळशीवरचं झाकण काढलं नाय.