जिवतीची कहाणी, सहा मिनिटं

२० जुलै, रवि.
बाबांचा डोंबिवलीहून फोन. शुक्रवारी श्रावण लागतोय, जिवतीचा कागद आणलाय, तू ये. गेल्या श्रावणात आईची कहाणी रेकॉर्ड केलेलीस ना, तीच लावू. आईला जाऊन पाच महिने होतील. मी म्हटलं, आहे, जपून ठेवलीय. एकदाही लावायचा धीर झाला नाही, हे नाही सांगितलं.

२१ जुलै, सोम.
धीर केला. आईचा आवाज, मागे कुकर. "थांब गं, पाणी पिते." खूप रडले. मग सहाव्या मिनिटाला, वाक्याच्या मध्येच, शांतता. चौदा मिनिटांची होती. तिनेच घड्याळ बघितलेलं. चारदा लावून बघितलं. सहाच.

२२ जुलै, मंगळ.
घोडबंदरला दीड तास अडकले, डोक्यात तेच. घरी येऊन माझाच प्रोग्राम उघडला. रेकॉर्डिंग फोनवरून घरच्या नेटवर्क डिस्कवर न्यायचं, मग फोनवरून पुसायचं, एवढाच उद्योग. प्रत्येक तुकड्याला डिस्क म्हणाली, घेतलं. पण ती तेव्हा नुसतं घेते, लिहिते मागाहून. आणि डिस्क भरलेली, सहा मिनिटांपुढे जागाच नव्हती. ते कळायची शेवटची जागा म्हणजे फाइल बंद करताना क्लोज हा हुकूम जे उत्तर देतो ती. तिथे मी लिहून ठेवलंय, उत्तर नको. विसरले असते तर एक वेळ. मुद्दाम लिहिलंय, उत्तर नुसतं सोडून दिलं की कंपायलर कुरकुरतो म्हणून. पुढच्याच ओळीत फोनवरची फाइल पुसलीय.
ह्याच चुकीसाठी ऑफिसात माझ्या हाताखालच्या निखिलला अर्धा तास झापलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

२३ जुलै, बुध.
जुना फोन टेंभी नाक्याजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे. "मॅडम, पुसल्यावर पण वापरलात ना? मग गॅरंटी नाय. मंगळवारी सांगतो."
प्रोग्राम सुधारला. आधी डिस्कला खरंच लिहायला लावायचं, मग क्लोजचं उत्तर बघायचं, चुकलं तर फोनला हात लावायचा नाही. दहा मिनिटांचं काम. क्लोज फसला तर पुन्हा करून बघायचा नसतो. फाइल हातातून गेलेलीच असते, घाव भलत्याच फाइलवर बसतो. हे सगळं येतं मला. वर्षभर आधी यायला हवं होतं.
बाबांना कसं सांगू ते

२५ जुलै, शुक्र.
डोंबिवली. भिंतीवर जिवती, आघाडा-दूर्वांची माळ. बाबांनी पुरणसुद्धा केलेलं, जरा करपलेलं. मी घरी नसले की आई माझ्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायची. आज मी समोर, आणि ती नाही. फार आठवण आली.
बाबा अक्षता मुठीत घेऊन बसले. आधी सांगायचं ठरवलेलं, जमलं नाही. लावलं. ती पाणी प्यायला थांबली तेव्हा बाबा हसले. सहा मिनिटं. शांतता. बाबा मूठ तशीच धरून वाट बघत राहिले, ती परत पाणी पीत असेल म्हणून.
मग सगळं सांगितलं. माझीच चूक, म्हटलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तीस वर्षं ऐकलीय, पुढची त्यांना पाठ असणार. म्हटलं, तुम्ही पुरी करा. नाही म्हणाले.
"फोनवाला कधी सांगणार?"
"मंगळवारी."
"मग तोवर राहू दे. कहाणी संपूर्ण झाल्याशिवाय अक्षता टाकायच्या नसतात."
वाटीत काढून जिवतीखाली ठेवल्या. काही दाणे तळहाताला चिकटलेले. तेही एकेक सोडवून वाटीत टाकले.