चाळिसाव्या पानावरचे ठिपके

गंगापूर रोड, रविवार, संध्याकाळ

कादंबरी वाचून झाली की थोरल्या जाऊबाई मेथी निवडता निवडता चाळिसाव्या पानावर पेन्सिलीने ठिपका द्यायच्या. म्हणजे तीच पुन्हा हाती यायला नको. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, लगेच रागवायचे. "जाऊबाई, पुस्तकावर काही लिहू नये हो!"

"मग तुझ्या मदरला कळवू नकोस."

आता त्या नाहीत. मला वाचलेल्या गोष्टी आठवत नाहीत, एखाद्या लेखकाची साधी, सावकाश चालणारी वाक्यं तेवढी राहतात. आज नवी समजून कपाटातली एक कादंबरी उघडली, तर चाळिसाव्या पानावर दोन ठिपके. दुसरा कुणाचा? मी नक्की वाचलेली पुस्तकं काढून पाहिली. त्या सगळ्यांत दोन. माझाही ठिपका त्याच देत होत्या!

दोन ठिपक्यांच्या कादंबऱ्या त्यांच्या लेकीला, सुनीताला द्याव्यात, बाकीच्या वाचनालयाला. सुनीताला पेन्सिलही द्यावी.