एकच रिंग

मी, खाली सही करणारी, गल्लीत शिवणवाली मावशी म्हणून ओळखली जाणारी, राहणार याच घरात, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. चष्मा ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोकं पुरतं असं वकीलबाई म्हणते. मी विसरते हे खरं, पण पूर्ण शुद्धीत विसरते. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. उलट आजवर सगळं घरच माझ्या दबावाखाली होतं, याला मुलगा साक्ष देईल.

शाळा माझी लवकर सुटली. वाचायला शिकले ती कपड्यांचे नमुने कापायला आणलेल्या रद्दी वर्तमानपत्रांवर. त्यामुळे माझं सगळं ज्ञान बाहीच्या आकाराचं आहे, बातमी खांद्यापाशी सुरू होते आणि काखेपाशी तुटते. इथेही कुठे तुटलं तर सांभाळून घ्यावं.

वकीलबाई म्हणजे समोरच्या घरातली पोर. तिचे शाळेचे फ्रॉक मी शिवले, आणि तिच्या वकिलीच्या परीक्षेचा निकालही माझ्याच फोनवर कळला. ती फी घेत नाही, फक्त मध्ये मध्ये "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही" म्हणते. मी म्हणते, "बसत नसेल तर जरा उसवून बसव."

आत्ताच घाई कशाला, असं विचाराल. तर मुलगा परवा म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात तो जुना फोन काढून टाकू. त्या डबड्यावर करतं कोण?" मला बोलता येईना. न बोलता येण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच खेप, म्हणून लिहायला बसले.

कलम पहिले, घर. माझी स्थावर मालमत्ता म्हणजे हे दोन खोल्यांचं घर आणि, गुडघे धरल्यापासून, मी. पैकी घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. माझी विल्हेवाट शेवटच्या कलमात आहे.

कलम दुसरे, बँकेतली शिल्लक. ती सूनबाईला. मुलगा म्हणेल, "असं कसं?" असं, कारण बँकेच्या रांगेत माझ्याबरोबर तीच उभी राहायची. तू बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचास.

कलम तिसरे, शिवणयंत्र. ते मुलीला, जिला बटण लावता येत नाही. तिने यंत्रावर फुलांची कुंडी ठेवायचं ठरवलंय, मला कळलंय. ठेव बाई. तयार कपड्यांनी माझं गिऱ्हाईक नेलं, त्यात कुंडीचा काय दोष? पूर्वी कपडा माणसाला बसवत, आता माणसालाच कपड्यात बसवतात. तरी मधूनमधून दोन थेंब तेल घाल आणि पाय मारून बघ. त्याची खडखड ऐकत तू झोपायचीस. ती बंद झाली की जागी व्हायचीस आणि माझं काम अडायचं.

कलम चौथे, बटणांचा डबा आणि टेलिफोन डिरेक्टरी. दोन्ही नातीला. डिरेक्टरी ही शेवटची निघालेली. सगळ्यांनी आपापली रद्दीत घातली. मी ठेवली ती काही दूरदृष्टीने नव्हे, इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून. तेव्हा माणसांचे नंबर तोंडपाठ असायचे. आता माझा स्वतःचा मोबाइल नंबर मला येत नाही. मुलाला विचारावा, तर त्याला त्याचा स्वतःचाही येत नाही.

कलम पाचवे, लांब दांड्याची छत्री. ती वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांना द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई म्हणाली, आणि साक्षीला दुसरं माणूस मिळेना. काका म्हणाले, "आण ते पान, करतो सही. तुझ्या छत्रीची एक काडी कायम डोळ्यात जायची, सुटलो." आता कोणी त्यांच्याकडे घड्याळ दुरुस्त करायला आणत नाही आणि कोणी माझ्याकडे छत्रीचं कापड शिवायलाही. आम्ही दोघं एकमेकांच्या वस्तू मोडून एकमेकांना धंदा देतो.

कलम सहावे, ताई. हे जरा लांबेल.

ताई माझी थोरली बहीण, परगावी असते. गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला, आणि शेजाऱ्यांनी आमचाच नंबर आपला म्हणून सगळीकडे दिला. तेव्हापासून मी शिवले कमी आणि हाका जास्त मारल्या. तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे मी सगळ्यांना नुसतं "हं" म्हणे. एका मुलीचं लग्न माझ्या अशाच एका "हं"वर ठरलं. संसार चांगला चाललाय, म्हणून मीही कुठे बोलले नाही.

बाहेरगावी बोलणं तेव्हा महाग. म्हणून ताईने आणि मी खुणा ठरवल्या. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचले. दोन म्हणजे बरं आहे, तुझं काय? तीन झाल्या तर उचल, बोलायचं आहे. एक-दोनला उचलायचं नाही.

मग भाचीच्या लग्नाचा पोशाख मी शिवला. ताई चारचौघांत म्हणाली, "बाही घट्ट केलीस."

मी म्हणाले, "बाही मापात आहे. दंड मापाबाहेर गेलाय."

भाची रडली, ताई तणतणत गाडीत बसली. मी मनात म्हटलं, संपलं. पण ती घरी पोचल्यावर एक रिंग आली. रिंगेतसुद्धा फणकारा होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोन आल्या. मीही दोन दिल्या. तेव्हापासून आम्ही बोलत नाही, आणि एकही संध्याकाळ चुकवत नाही.

मुलाला वाटतं, रोज कोणीतरी टवाळ छळतो. "तक्रार करू का?" म्हणून त्याने मला दोनदा विचारलं. बाळा, तो टवाळ म्हणजे तुझी मावशी.

काल वकीलबाई इथे बसली असताना फोन वाजला. ती उचलायला धावली.

"हात लावू नकोस गं!" मी एवढ्या जोरात ओरडले की वरून काका खाली आले.

"अहो आजी, रोज 'बरं आहे' एवढं कळवता, तर सरळ बोलत का नाही?"

"बोललं की बाही निघते."

तिसरी रिंग होऊ द्यावी असं कितीदा मनात आलं. पण शिवणाऱ्याचा हात, टाका मोजून थांबतो. तिचाही थांबत असणार. एकाच आईच्या लेकी, एकाच मापाचा हेका.

तरी ताईला माझी मापाची टेप द्यावी. टेपचे सुरुवातीचे आकडे पुसलेत, पण भाचीचा दंड काही तिथे संपायचा नाही.

कलम सातवे, फोन आणि मी. काळा, तबकडीचा फोन मुलाकडे राहील, पण ताई आहे तोवर त्याने लाइन तोडू नये. घरातल्या निम्म्या हिश्शाला ही अट शिवून टाकली आहे. वकीलबाई म्हणते, टाका पक्का आहे.

मला पोचवून घरी आलात की आधी चहा घ्या. ताईला मोबाइलवर निरोप टाकू नका. हात जोडलेल्या चित्रांतून तिला काही कळायचं नाही. दिवेलागणीला तिच्या दोन रिंगा येतील. उचलू नका. मग मुलाने तिचा नंबर फिरवावा, तो डिरेक्टरीच्या पुठ्ठ्यावर आहे. एक रिंग होऊ द्यावी आणि दुसरी व्हायच्या आत फोन ठेवावा.

ताई फोनजवळ उभी राहून मोजते. ती दुसरीची वाट बघेल. येणार नाही. मग तिला कळेल की मी पोचले, सुखरूप.

त्यानंतर तिकडून तीन झाल्या, तर उचल रे बाळा. बाहीबद्दल काय म्हणेल ते ऐकून घे. नुसतं "हं" म्हण.

वरील सर्व मी वाचून, समजून आणि एकदा हसून सही केली आहे.

सही : शिवणवाली मावशी

साक्षीदार पहिली : वकीलबाई, समोरचं घर
साक्षीदार दुसरे : घड्याळवाले काका, वरचा मजला (छत्रीवरचा हक्क सोडून)

ठिकाण : पुढची खोली, यंत्राजवळची खुर्ची
दिनांक : ९ जानेवारी, साल वकीलबाईने शिक्क्यात टाकले आहे

वेळ : दिवेलागण. दोन रिंगा आत्ताच आल्या. परत द्यायच्या आहेत, म्हणून इथे थांबते.