ठेवणीतलं पोलकं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

त्या हिरव्या पोलक्याची घडी डोळ्यांपुढून हलत नाही.

सखू द्राक्षांच्या छाटणीसाठी नुकतीच सुरगाण्याकडून आलेली. आज सकाळी तापाने फणफणून दुसऱ्यांदा माझ्या दवाखान्यात आली. मधले काही दिवस ताप नव्हता. मलेरिया नाही, डेंगू नाही, अंगभर खाजवल्याचे ओरखडे. उवांमुळे येणारा, उतरून पुन्हा उलटणारा ताप असेल का? अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत लपतात, म्हणून पोलक्याच्या शिवणी उलटून पाहिल्या. एकही नाही. ‘उवा नाहीत’ असं लिहिलं आणि तापाच्या गोळ्या दिल्या.

पोलकं छान आहे म्हटलं, तर लाजली. “दवाखान्यात यायचं म्हनून घातलं, बाई. रोजचं झोपडीवर हाय.”

मी हसले आणि पुढचा पेशंट बोलावला. डोक्यात प्रकाश पडला तो घरी, स्वतःचे कपडे बदलताना. मी ठेवणीतल्या कपड्याच्या शिवणी तपासत बसले होते.

तिच्या मजूर टोळीच्या मुकादमाला फोन केला. “टोळी दुपारीच दुसऱ्या मुकादमाकडं गेली, मॅडम. त्याचा नंबर नाय माझ्याकडं.”

“आणि सखू?”

“तुमच्या गोळीनं ताप उतरला ना, ती पन गेली.”

एव्हाना हिरवं पोलकं घडी घालून पिशवीत गेलं असेल. रोजचं तिच्या अंगात असेल.