ओवाळणीवर टॅक्स नसतो

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांनी तुमच्या किचनमध्ये काम केलेलं नाही. काल न्यू जर्सीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती तिथे हॉटेलात वाढायचं काम करते. भारी खुशीत होती. त्यांच्याकडे टिप्सवर आणि ओव्हरटाइमच्या जादा पैशांवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळायला लागली आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत. मी एकच विचारलं, "मग तुझ्या पेन्शनचं काय?" ती म्हणाली, "अगं, त्याचे पैसे कापतातच की! सगळं पगारात दाखवावं लागतं, मगच सूट." मी फोन ठेवला आणि तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या.

लंडनला एजवेअरच्या तुमच्या किचनमध्ये मी आले तेव्हा नवऱ्याला नोकरी नव्हती आणि माझ्या अंगावरचा कोटसुद्धा उसना होता. तुम्ही म्हणालात, "सर-बिर काही नाही हं, मला दादा म्हण." तिथेच मी फसले. सरांकडे पगार मागता येतो, दादाकडे कसा मागायचा? लग्नाच्या ऑर्डरी असल्या की आम्ही बायका पुरणपोळ्या लाटतो आहोत, निघायची वेळ केव्हाच टळली आहे, आणि तुम्ही दारातून म्हणता, "घरचं कार्य आहे गं, घड्याळ काय बघतेस?" गिऱ्हाइकाने हातावर ठेवलेली टिप काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. पेस्लिपवर पगार मुद्दाम इतका छोटा, की त्यावर टॅक्स नाही आणि ज्याच्यावर इथली सरकारी पेन्शन ठरते तो नॅशनल इन्शुरन्सही नाही. बाकीचं सगळं कॅश, तेही वर्षातून एकदा, भाऊबीजेला. एकदा धीर करून म्हटलं, "दादा, ओव्हरटाइम पण पेस्लिपवर दाखवा ना." तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "घरात कोणी पावती मागतं का?" मी पुन्हा विचारलं नाही.

आणि ती भाऊबीज! तुम्ही पाटावर बसला आहात, डोक्यावर टोपी, भोवती रांगोळी. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून एकेक करून तुम्हाला ओवाळतो आहोत आणि तुम्ही तबकात जाडजूड पाकिटं टाकता आहात. आमच्याच टिपा, आमचाच ओव्हरटाइम. वर डोळे मिचकावून म्हणता, "ओवाळणीवर कुठलं सरकार टॅक्स लावणार?" आम्ही मूर्खासारख्या हसायचो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर तुम्हीच! महाराष्ट्र मंडळातल्या बायका हेव्याने म्हणायच्या, असा मालक मिळायला भाग्य लागतं. स्वतःच्या कष्टाचे पैसे मिळावेत म्हणून मालकाला ओवाळणाऱ्या बायका अख्ख्या इंग्लंडात आम्हीच असू.

आता मी बेसिंगस्टोकला एका हॉटेलात ब्रेकफास्टच्या शिफ्टला असते. मालकाला टिप ठेवून घेता येत नाही, असा आता इथे कायदा आहे. टिप असो, ओव्हरटाइम असो, टॅक्स कापतात, कसलीही सूट नाही. मी कुरकुरते, पण निदान माझ्या नावावर काहीतरी जमा होतं. गुडघे म्हणतात, पुरे आता. म्हणून परवा लेकीला सांगितलं, मला पेन्शन किती बसेल ते ऑनलाइन बघ. बघता बघता तिचा चेहरा बदलला. "आई, तुझा एजवेअरचा सगळा इयर्स ब्लँक आहे. तुझा पेन्शन खूप कमी येणार. डिडन्ट यू वर्क देन?" ती वर्षं आता पैसे भरूनही जोडता येत नाहीत, मुदत संपली. म्हणजे अजून किती तरी वर्षं मला अंधारात उठून लोकांची अंडी तळायची आहेत. तुम्ही माझा टॅक्स वाचवला नाहीत दादा, मालक म्हणून इन्शुरन्सचा स्वतःचा भरणा वाचवलात, आणि त्यासाठी माझं म्हातारपण खाल्लंत. मला क्षमा-बिमा करायची नाही. लेक उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "विचार तुझ्या मामाला." ती गोंधळली. "कुठला मामा? यू डोन्ट हॅव अ ब्रदर, आई."

खरं आहे तिचं. मला भाऊ नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून मिशीत हसला असतात. दर शुक्रवारी चोख पगार देऊन भाऊबीजेला तबकात नुसती सुपारी टाकली असतीत ना, तरी मी तुम्हाला ओवाळलं असतं.